पाचशे रुपयांचा माग

म्हैसूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दसऱ्याची मिरवणूक, चंदनाचा साबण, रेशमी साडी आणि म्हैसूरपाक येतो. पण याच शहरात आणखी दोन वस्तू तयार होतात आणि त्या देशातल्या घराघरात पोचतात. एक म्हणजे चलनी नोटा. रिझर्व्ह बँकेच्या मालकीची नोटा छापणारी कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि तिचा एक छापखाना म्हैसूरला आहे. दुसरी वस्तू म्हणजे मतदानाच्या दिवशी बोटाला लावतात ती शाई. १९३७ साली सुरू झालेल्या म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून ही शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशभर जाते.

नोटेचा गुण असा की ती कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, हे तिच्यावर कुठेही लिहिलेले नसते. शाईचा गुण असा की घासून धुतली तरी ती लगेच जात नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या रोजच्या व्यवहारातला पैसा नोटेचा गुण सोडून शाईचा गुण घेऊ लागला आहे. भाजीवाल्याला मोबाइलवरून दिलेले वीस रुपयेसुद्धा कोणी, कोणाला आणि किती वाजता दिले याची खूण मागे ठेवतात.

ही खूण लहान मुलांच्या रक्षणासाठी वापरता येते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. इंटरनेटवर मुलांचे लैंगिक शोषण करणारे लोक खोटी नावे घेतात, खोटी छायाचित्रे लावतात, दूरदेशी बसतात. पण पैसा घ्यायची वेळ आली की त्यांना कुठले तरी एक खरे खाते लागतेच. पोलिसांना जिथे चेहरा दिसत नाही तिथे बँकेला खाते क्रमांक दिसतो.

घरात काय घडते?

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात राहणारे एक मराठी कुटुंब समजू या. कुटुंब कल्पनेतले आहे, पण त्याच्यावर येणारा प्रसंग आज कोणत्याही गावातल्या कोणत्याही घरात येऊ शकतो. वडील राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, सोलापूरहून बदली होऊन आलेले. आई घरी शिकवण्या घेते. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. शिकवणीची फी आईच्या मोबाइलवर येते. मोबाइलवरून पैसे कसे द्यायचे-घ्यायचे हे तिला मुलानेच शिकवले, त्यामुळे गुप्त क्रमांक त्याला ठाऊक आहे. त्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही.

एक दिवस कोणाची फी यायची राहिली हे पाहायला आई हिशेब उघडते. तिला एका अनोळखी नावावर पाचशे रुपये गेलेले दिसतात. वर पाहते तर आणखी आठशे. मग हजार, मग पुन्हा पाचशे. एकोणीस दिवसांत अकरा वेळा पैसे गेलेले, एकूण नऊ हजार तीनशे. प्रत्येक व्यवहाराची वेळ रात्री साडेअकरा ते एक.

“अरे, हे कोण?” ती विचारते. मुलगा खाली मान घालून बसतो. बराच वेळ तो बोलत नाही आणि नंतर एकदम रडू लागतो.

घडलेले असते ते असे. मोबाइलवरच्या खेळात त्याची एका ‘मुली’शी ओळख होते. दोन दिवस गोड गप्पा होतात. मग ती स्वतःचे म्हणून एक छायाचित्र पाठवते आणि त्याच्याकडे तसलेच मागते. त्याने पाठवल्यावर तासाभरात भाषा बदलते. तुझ्या वर्गातल्या मुलांची यादी माझ्याकडे आहे, तुझ्या मावशीचे नावही आहे, दोन हजार रुपये पाठव, नाहीतर सगळ्यांना हा फोटो जाईल. मुलाकडे दोन हजार नसतात. तो पाचशे पाठवतो. त्याला वाटते, सुटलो. पण पैसे देणारे पोर सापडले की मागणारा त्याला सोडत नाही. दुसऱ्या रात्री मागणी पुन्हा येते.

या प्रकाराला लैंगिक खंडणी म्हणतात. यात पैशासाठी छळले जाणारे बळी मुख्यतः किशोरवयीन मुलगे असतात, असे अमेरिकेच्या तपास यंत्रणेने वारंवार सांगितले आहे. आपल्याकडे मुलीच्या हातात मोबाइल दिला की आईवडिलांना काळजी वाटते आणि ‘मुलग्याला काय होणार’ असे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. अशा टोळ्यांना हेच दुर्लक्ष हवे असते. भीतीपोटी जीव देऊन बसलेल्या मुलांच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. म्हणून हा नुसता नऊ हजार रुपयांचा प्रश्न नाही.

दोन बाजार, एकच गरज

मुलांच्या शोषणातून पैसा मिळवण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एकात मुलांवरील अत्याचाराची चित्रे विकली जातात, किंवा त्याहून भयंकर म्हणजे पैसे भरणाऱ्याच्या सांगण्यावरून दूरच्या देशात एखाद्या मुलावर कॅमेऱ्यासमोर अत्याचार केला जातो. इथे पैसे देतो तो पाहणारा. दुसरा मार्ग खंडणीचा. इथे पैसे देतो तो खुद्द बळी पडलेला मुलगा. दोन्ही मार्गांत गुन्हेगाराला पैसा सुखरूप हातात पडायला हवा असतो. ती वाट अडवली तर धंदा बसतो. वित्तीय संस्थांचे काम इथे सुरू होते.

ही गोष्ट जगाच्या लक्षात आली ती १९९९ साली. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ येथे एक जोडपे इंटरनेटवर व्यवसाय करत होते. ग्राहकाच्या क्रेडिट कार्डाचे पैसे घ्यायचे आणि त्याला प्रौढांच्या संकेतस्थळांत प्रवेश द्यायचा, असा तो मामला होता. त्यातली काही संकेतस्थळे मुलांच्या अत्याचाराची चित्रे विकणारी होती. पोलिसांनी छापा घातला तेव्हा ग्राहकांची कार्डांसकट यादीच हाती लागली. निरनिराळ्या देशांतल्या पोलिसांकडे ती पाठवण्यात आली. एकट्या ब्रिटनच्या वाट्याला सात हजारांहून अधिक नावे आली.

या प्रकरणाने दुसराही धडा दिला. ब्रिटनमधल्या त्या यादीत काही नावे अशी होती, ज्यांची कार्डे चोरून दुसऱ्यानेच वापरली होती. संशयाचा डाग लागल्याने काहींचे संसार मोडले, काहींनी आत्महत्या केल्या. म्हणजे पैशाचा माग हा तपासाचा आरंभ आहे, तो निकाल नव्हे. बँकेच्या कागदावर नाव आले म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. तो पुरावा इतर पुराव्यांशी ताडून पाहावाच लागतो.

पुढे २००६ साली अमेरिकेत बड्या बँका, कार्ड कंपन्या आणि इंटरनेट कंपन्या एकत्र आल्या. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय केंद्राच्या पुढाकाराने त्यांनी आघाडी उभारली. पद्धत सोपी होती. अत्याचाराची चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळाची खबर मिळाली की पोलिसांनी तिथे खरेदीचा व्यवहार करून पाहायचा. पैसे कोणत्या बँकेतल्या कोणत्या व्यापाऱ्याच्या खात्यात जातात ते उघड होते. मग तपास, आणि ते खाते बंद. कार्डाने उघडपणे चालणाऱ्या त्या विक्रीला यामुळे चांगलाच चाप बसला.

अर्थात चोराने वाट बदलली. कार्ड नको म्हणून आभासी चलन आले. दक्षिण कोरियातल्या एका तरुणाने २०१५ पासून असे संकेतस्थळ चालवले, जिथे फक्त बिटकॉइन घेतले जाई. बिटकॉइनवर नाव नसते, तेव्हा आपण सापडणार नाही, अशी त्याची व त्याच्या गिऱ्हाइकांची समजूत. पण बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार एका जाहीर खतावणीत कायमचा नोंदलेला असतो. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याच्या तपासनिसांनी त्या खतावणीवरून उलटा माग काढला. ज्या पेढ्यांतून लोकांनी बिटकॉइन विकत घेतले होते तिथे खाते उघडताना ओळखपत्रे दिलेली होती. ती ओळखपत्रेच त्यांना भोवली. २०१९ च्या ऑक्टोबरात हे प्रकरण जाहीर झाले तेव्हा ३८ देशांत ३३७ जणांना अटक झालेली होती, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे निदान २३ मुलांची अत्याचारातून सुटका झालेली होती.

बँकेत खाते उघडताना आधार द्या, पॅन द्या, पत्त्याचा पुरावा द्या, असे सांगितले की आपण कंटाळतो. काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालतो. त्या कागदांचा कधी असाही उपयोग होतो.

लहान रकमेची मोठी चूक

पण नुसती माहिती असून भागत नाही, ती कोणीतरी पाहावी लागते. याचा दाखला ऑस्ट्रेलियात मिळाला. तिथल्या वेस्टपॅक या जुन्या आणि बड्या बँकेविरुद्ध आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २० नोव्हेंबर २०१९ रोजी खटला भरला. २ कोटी ३० लाखांहून अधिक वेळा कायदा मोडल्याचा ठपका होता. त्यातले बहुतेक आरोप परदेशी पाठवलेल्या पैशांची माहिती सरकारला वेळेवर न कळवण्याचे होते. पण लोकांच्या मनाला चटका लावून गेला तो एक वेगळाच मुद्दा.

या बँकेचे काही खातेदार फिलिपाइन्स आणि आसपासच्या देशांत वारंवार छोट्या छोट्या रकमा पाठवत होते. असे व्यवहार मुलांच्या शोषणाचे असू शकतात, हा धोका बँकेला निदान २०१३ पासून ठाऊक होता, असे सरकारी संस्थेचे म्हणणे होते. तरीही स्वस्तात छोटी रक्कम परदेशी पाठवण्याची जी सोय बँकेने काढली होती तिच्यावर योग्य पहारा नव्हता. एक खातेदार तर मुलांच्या शोषणाबद्दल तुरुंगवास भोगून आलेला. त्याच्या एका खात्यातला संशय बँकेच्या लक्षात आला, पण त्याची इतर खाती तातडीने तपासली गेली नाहीत आणि त्यांतून पैसे जातच राहिले. खटला भरल्यापासून आठवड्याच्या आत बँकेच्या मुख्य अधिकाऱ्याने पद सोडल्याचे जाहीर झाले. २०२० साली बँकेने १३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड मान्य केला.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. काळ्या पैशाविरुद्धची यंत्रणा जगभर उभी राहिली ती मोठ्या रकमा पकडण्यासाठी. अमली पदार्थांचे सौदे, लाचेची रक्कम, करचुकवेगिरी हे सारे लाखा-कोटींचे मामले. मुलांचे शोषण मात्र लहान रकमांत लपते. एखाद्या मुलाचे आयुष्य उद्ध्वस्त करणारा व्यवहार एका हॉटेलच्या बिलाएवढाही नसतो.

मग तो ओळखायचा कसा? रकमेवरून नाही, रीतीवरून. परदेशात राहणारा मुलगा आईला पैसे पाठवतो तेव्हा तो महिन्याच्या ठरावीक सुमारास, त्याच नावावर, साधारण तेवढीच रक्कम पाठवतो. सणाला थोडी जास्त. शोषण करणाऱ्याची रीत वेगळी. ज्या देशात त्याचे कोणी नात्यागोत्याचे नाही तिथे तो अवेळी, वेगवेगळ्या नावांवर, लहान रकमा पाठवतो. खंडणी घेणाऱ्या खात्याचीही एक रीत असते. दहा गावांतल्या एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांकडून पाचशे, हजार असे आकडे रात्री जमा होतात आणि काही मिनिटांत पुढच्या खात्यात जातात किंवा काढून घेतले जातात. खात्यात शिल्लक कधी राहतच नाही. हे पाहायला आज संगणक मदत करतात, पण काय पाहायचे हे माणसानेच सांगावे लागते.

भाड्याने दिलेले खाते

खंडणी घेणारा स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाही. एखाद्या गरजू तरुणाला गाठून तो सांगतो, तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, चार-पाच हजार रुपये देतो. कॉलेजातल्या पोराला त्यात गैर काही दिसत नाही. मग त्या खात्यातून कुठल्या कुठल्या मुलांच्या अश्रूंचे पैसे वाहतात हे त्याला कळतही नाही. पोलीस आले की पहिले दार त्याचेच ठोठावतात. तेव्हा आपली मुले बळी पडू नयेत याची जशी काळजी घ्यायची, तशीच ती नकळत हस्तक होऊ नयेत याचीही घ्यायला हवी. ‘खाते कोणालाही वापरायला देऊ नको’ हे कॉलेजात जाणाऱ्या मुलाला एकदा स्पष्ट शब्दांत सांगणे गरजेचे आहे.

अशी भाड्याची खाती हुडकून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या बंगळुरूतल्या नवोपक्रम केंद्राने ‘म्यूलहंटर’ नावाची संगणकप्रणाली तयार केली असून डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ती वापरण्याचे आवाहन केले.

आपला कायदा काय सांगतो?

भारतात संशयास्पद आर्थिक व्यवहारांची माहिती गोळा करणारी वित्तीय गुप्तवार्ता संस्था २००४ साली स्थापन झाली. दहा लाखांवरच्या रोखीच्या व्यवहारांची माहिती बँका तिला कळवतात, हे अनेकांनी ऐकलेले असते. पण संशयास्पद व्यवहाराला किमान रकमेची अट नाही, हे फारसे ठाऊक नसते. व्यवहार पाचशे रुपयांचा असो की पाच कोटींचा, रीत संशयास्पद असेल तर बँकेने तो कळवायचा असतो. आणि कळवल्याचे त्या खातेदाराला सांगायचे नसते. जगातल्या काळ्या पैशाविरुद्ध धोरणे आखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृती दलाने मार्च २०२५ मध्ये खास मुलांच्या ऑनलाइन शोषणावर अहवाल काढला. थेट प्रक्षेपित अत्याचार आणि लैंगिक खंडणी हे दोन्ही प्रकार त्यात घेतले आहेत. भारत २०१० पासून या दलाचा सदस्य आहे.

मुलांना संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ सालचा. मुलांच्या अत्याचाराची चित्रे प्रसिद्ध करणे, पाठवणे, शोधणे, उतरवून घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अशी चित्रे जवळ बाळगण्याबाबतही कठोर भूमिका घेतली, आणि या चित्रांना ‘अश्लील चित्रे’ न म्हणता अत्याचाराची सामग्री म्हणावे असे बजावले. शब्द बदलला की दृष्टीही बदलते. अशा चित्रातले मूल नट नसते, त्याच्यावर गुन्हा घडलेला असतो.

‘पॉक्सो’मधली आणखी एक तरतूद प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. मुलावर असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे बंधन शिक्षकाला, डॉक्टरला आहे, तसेच बँकेच्या कर्मचाऱ्यालाही आहे. मुलाने स्वतः सांगितले नाही म्हणून त्याला मात्र शिक्षा होत नाही.

गप्प बसावे की बोलावे?

आता पुन्हा कुवेंपुनगरातल्या घरात जाऊ या. रात्री वडील घरी येतात. आई त्यांना बाजूला घेऊन सगळे सांगते. वडिलांचा पहिला उद्गार असतो, “याला मोबाइल दिला कोणी?” दुसरा, “हे बाहेर कोणाला कळता कामा नये. नऊ हजार गेले तर गेले. नवा नंबर घेऊ.”

दिवसभर बँकेत खातेदारांची ओळख तपासणारा, संशयास्पद व्यवहारांची परिपत्रके वाचणारा हा माणूस. पण स्वतःच्या घरी ती वेळ आल्यावर त्याला दिसते फक्त बदनामी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक घरांत हेच होते. पोरगा दहावीत, शहर परके, भाषा परकी. ठाण्यात जाऊन कोणाला काय सांगायचे?

आई मात्र हटत नाही. “अहो, त्या खात्यात आपल्या एकट्याचेच पैसे जातात का? आणखी किती पोरं असतील! त्यांतल्या एखाद्याची आई हिशेब बघत नसेल.”

या वाक्यापाशी वडिलांमधला बँक अधिकारी जागा होतो. ज्या खात्यात एकाचे पैसे गेले त्यात दहांचे जात असणार, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? आणि कोणीच तक्रार केली नाही तर त्या खात्यावर पहारा बसणार कसा? बँकेचा संगणक रीत ओळखतो हे खरे, पण ‘हे पैसे माझ्या मुलाकडून भीती घालून घेतले’ हे त्याला सांगणारा कोणीतरी लागतो. एका घराच्या तक्रारीने दुसऱ्या घरातले मूल वाचू शकते.

तक्रारीची वाट अवघड नाही. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा देशभराचा दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे व्यवहाराचा क्रमांक दिला की ज्या बँकेत पैसे गेले तिला सूचना जाते आणि शिल्लक असेल ती रक्कम रोखून धरता येते. यात वेळेला फार महत्त्व आहे, कारण पैसे मिनिटांत पुढे सरकतात. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर मुलांच्या अत्याचाराच्या सामग्रीबद्दल नाव न देताही कळवता येते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. कर्नाटकात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी मिळून वेगळी पोलीस ठाणी आहेत. तसे एक म्हैसूर शहरातही आहे. संगणकावरचा गुन्हा आणि पैशाचा गुन्हा एकाच छपराखाली तपासला जावा, ही कल्पनाच अशा प्रकरणांत मोलाची आहे.

बदनामीच्या भीतीलाही कायद्याने उत्तर दिले आहे. मुलाचे नाव किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत असा दंडक आहे. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही.

काय करावे, काय करू नये

असा प्रसंग आल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पैसे देणे तत्काळ थांबवावे. एकदा दिले की मागणी वाढते, संपत नाही.

संभाषण पुसून टाकू नये. लाज वाटून मुले सर्वप्रथम तेच करतात. धमकीचे संदेश, समोरच्याचे नाव, खाते वा क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख व वेळ जपून ठेवावी. त्यानंतर त्या व्यक्तीशी संपर्क तोडावा.

मुलाचे छायाचित्र ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांना किंवा मित्रांना चुकूनही पाठवू नये. हेतू चांगला असला तरी तो गुन्हा ठरू शकतो आणि चित्र आणखी पसरते. ते मोबाइलमध्ये आहे तसे पोलिसांना दाखवावे.

चित्र पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ या २०२३ साली सुरू झालेल्या विनामूल्य सेवेचा उपयोग करता येतो. अमेरिकेतल्या त्याच राष्ट्रीय केंद्राची ही सेवा आहे. तिथे चित्र पाठवावे लागत नाही. चित्राचा एक आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते चित्र ओळखून काढून टाकतात.

घरात ज्याच्या मोबाइलवरून पैसे जातात त्याने आठवड्यातून एकदा तरी पूर्ण हिशेब पाहावा, आणि लहान रकमा आधी पाहाव्यात. रात्रीची वेळ, अनोळखी नाव, पुन्हा पुन्हा तोच पैसे घेणारा, असे दिसले तर विचारावे. मात्र विचारताना आवाज चढू देऊ नये. भेदरलेले मूल ओरडण्याने आणखी मिटून जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलाला एक वाक्य आजच सांगून ठेवावे: “तुझ्या हातून काहीही झाले असले तरी आधी आमच्याकडे ये.” प्रसंग घडून गेल्यावर या वाक्याचा उपयोग निम्मा उरतो.

सोबत हवी माणसाची

म्हैसूरला ‘ओडनाडी’ नावाची एक संस्था आहे. तस्करी आणि लैंगिक शोषणातून सुटलेल्या स्त्रियांना व मुलांना ती आधार देते. पत्रकारिता सोडून या कामात पडलेल्या दोघांनी ती उभी केली. ‘ओडनाडी’ या कन्नड शब्दाचा अर्थ सोबती. नाव फार अर्थपूर्ण आहे. बँक खाते क्रमांक दाखवील, संगणक रीत ओळखील, पोलीस आरोपीला धरतील. पण ज्या मुलाने एकोणीस रात्री एकट्याने ती भीती सोसली त्याच्याजवळ बसायला सोबतीच लागतो, आणि तो प्रथम घरातलाच हवा.

कुवेंपुनगरातल्या त्या घरी दुसऱ्या दिवशी वडील रजा टाकतात. अकरा व्यवहारांचा तक्ता ते स्वतः करतात, तारीख, वेळ, रक्कम, क्रमांक, बँकेत करतात तसा नेटका. मुलगा शेजारी बसून एकेक आकडा वाचून दाखवतो. निघताना आई म्हणते, “जेवून जा दोघं.” गेल्या कित्येक दिवसांत मुलगा त्या दिवशी पोटभर जेवतो.